लोणी वाटलं, ताक ठेवलं

डेअरीवर दूध घालायला मी सहसा जात नाही. तिथे माणसांची रांग असते, आणि चार पुरुषांपुढे उभं राहायचं झालं की आपले हात कुठे ठेवावेत तेच मला कळत नाही. पण गणपती उठले त्या आठवड्यात माझे मालक कांदा घेऊन लासलगावला मुक्कामी गेले होते, म्हणून संध्याकाळची किटली घेऊन मी गेले. माप घेणाऱ्या माणसाने मोबाइल खिडकीत उभा करून ठेवला होता आणि त्यावर बातम्या चालू होत्या. बातम्यांतली बाई म्हणाली की तूप करण्यात आपला देश जगात सगळ्यांच्या पुढे आहे, आणि आपल्याकडचं लोणी-तूप दरवर्षी वाढतच चाललं आहे.

रांगेतला एक जण म्हणाला, "घ्या! देशात तुपाचा पूर आला, अन् आमची बायको पोळीला तेल लावती."

दुसरा म्हणाला, "तेल तरी लावती ना? माझी नुसतं बोट फिरवती."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी किटली हातात धरून तशीच उभी राहिले, माझा नंबर आला तरी. कारण त्याच दिवशी सकाळपासून मी पदराआड वाटी घेऊन आमच्या आळीत घरोघर फिरले होते आणि एकाही घरात मला घरचं लोणी मिळालं नव्हतं. लिंबाएवढा गोळासुद्धा नाही. दुधाची जनावरं प्रत्येकाच्या दारात आहेत. दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जातं आणि तूप दुकानातून पिशवीत येतं. मी कुणाकडे मागायला गेले की बाई आधी माझ्याकडे बघायची, मग हसायची. "घरचं लोणी? कोण घुसळतंय आता?"

मग बातम्यांतलं ते एवढं तूप होतं तरी कुठे? आणि आमच्या घरांतलं गेलं कुठे?

लोणी मला लेकीसाठी हवं होतं. माझी एकुलती एक मुलगी नाशिकला दिलेली आहे, अंबडच्या बाजूला. जावई कंपनीत आहेत आणि तीही दुधाच्या एका कंपनीत तूप भरायच्या कामावर जाते. तिचं हे पहिलंच. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बाळंतिणीचं तूप आईच्या हातचं, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. माझ्या वेळी तर मी बाळंत होऊन सासरी परतल्यावरही माझ्या आईने दिंडोरीकडच्या माझ्या माहेराहून चिनी मातीची बरणी मांडीवर धरून एसटीने आणली होती. बरणीच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं, आणि गाडीत एका माणसाने "मावशी, बरणी खाली ठेवा" म्हटलं तर ती त्याला म्हणाली होती, "तुझं पोर खाली ठेवतो का?" माझी आई अशी बोलायची. मी तिच्यावर गेले नाही.

मी चौथीपर्यंत शिकले, कारण गावातली शाळा तेवढीच होती. लिहायला मात्र मला आवडतं. जे तोंडाने बोलता येत नाही ते कागदावर तरी नीट सांगता येतं.

तर मी ठरवलं की लोणी मागायचं नाही, आपणच करायचं. मालक लासलगावहून आल्यावर मी त्यांना म्हटलं, "म्हशीचं संध्याकाळचं दूध घरात ठेवायचं."

"कशाला?"

"सायीला."

ते जेवत होते. घास तसाच धरून म्हणाले, "अगं, तुझी पोरगी दिवसभर तुपात उभी असती. पाहिजे तेवढं आणील."

"तिनं आणायचं नसतं. आपण द्यायचं असतं."

एवढं मी म्हटलं आणि त्यांनी हातातला घास खाल्ला. हे त्यांनाही ठाऊक होतं. आमच्यात नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरी आईबाप जेवत नाहीत. लग्नाला तीन वर्षं झाली, मी तिच्या घरी कितीदा तरी गेले असेन, पण कधी पान मांडून बसले नाही. चहा मात्र घेते. मालक तोही घेत नाहीत, ते नळाचं पाणी रस्त्यावरच्या टपरीवर पिऊन मग वर चढतात.

शेजारी माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. मधे फक्त कमरेएवढी भिंत आहे. मी माळ्यावरची रवी खाली काढत होते ते त्यांनी पाहिलं आणि भिंतीवर हात टेकून म्हणाल्या, "अगं ए, रवीला जाळी लागलीय, आधी तिला अंघोळ घाल. पोरगी तुपाच्या टाकीशी बसलीय अन् आई वाटीभर लोण्यासाठी डेरा मांडतीय. समुद्राकाठी मीठ आटवायला निघालीस का काय?"

 मी आधी रवी धुतली.

खंडेनवमीला कंपन्यांत यंत्रांची पूजा असते आणि त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडतात. लेकीने फोन करून आम्हा दोघांना बोलावलं. वडिलांना म्हणाली, "दादा, तुम्ही पण या. सहावा चाललाय माझा, पुढच्या वर्षी मी कामावर असेन का कुणाला माहीत." मी ठेवणीतलं लुगडं नेसले. दारातच त्यांनी सगळ्यांना केसांवर घालायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या दिल्या आणि चपलेवर पिशव्या. मी पदरावरून टोपी घालायला गेले तर लेक म्हणाली, "आई, पदर आत. टोपी बाहेर." डोक्यावरचा पदर काढून मी इतक्या माणसांत कधी उभी राहिले नव्हते. माझा चेहरा तापला. मालक मात्र त्या टोपीत खुशीत होते.

यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. लेकीचे साहेब आम्हाला दाखवत पुढे चालले होते. एक जाड दार उघडलं आणि आत पौषातली थंडी. जमिनीपासून छतापर्यंत खोके रचलेले, एका रांगेमागे दुसरी, दिवा पोचत नाही तिथपर्यंत.

मालकांनी विचारलं, "यात काय हाय?"

"लोणी."

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत, काका."

मी एका खोक्याला बोट लावलं. खरंच बर्फासारखं गार होतं. माझ्या डोळ्यांपुढे मी फिरले ती सगळी दारं आली, आणि "कोण घुसळतंय आता" म्हणून हसणाऱ्या बाया.  इतकं लोणी एका जागी असू शकतं हेच माझ्या मनाला पटेना. माझ्या आईने जन्मभर घुसळलेलं सगळं एकत्र केलं असतं तरी यातला एक कोपरा भरला नसता.

साहेब म्हणाले, "तुमच्या बाजूचा टँकर इथेच येतो."

मालकांनी मान ताठ केली. "म्हणजे आपल्या म्हशीचं बी हाय म्हणायचं यात."

मग तूप कढवायची खोली. तिथे चूल नाही, काही नाही. हौदाएवढी बंद भांडी आणि नळ. एका नळातून तुपाची धार पिशव्यांत पडत होती आणि पिशव्या आपोआप तोंडं बंद होऊन पुढे सरकत होत्या. वास इतका दाट होता की घसा जड झाला. लेक दाराशीच थांबली, आत आली नाही. तोंडाला फडकं होतं, सगळ्यांच्याच होतं. मला वाटलं, आज सुटी आहे म्हणून थांबली असेल.

मग मी एक गोष्ट केली जी मी करत नाही. परक्या माणसाला आपण होऊन प्रश्न विचारला. म्हटलं, "ताक कुठं जातं?"

साहेब थांबले. त्यांना बहुतेक नीट ऐकू गेलं नसावं, मी तशी हळूच बोलले होते. लेकीने मोठ्याने सांगितलं, "आई विचारतेय ताकाचं काय करता."

"अच्छा! त्याचीही पावडर करतो, काकू. काही वाया जात नाही इथं."

ताकाची पावडर. मी ऐकून थक्क झाले. माझ्या माहेरी ताक विकत नसत. ताक विकलं तर म्हैस आटते, असं आई म्हणायची. ज्या घरी घुसळण असेल त्या घरी शेजारणींनी तांब्या घेऊन जायचं आणि घरधनिणीने न विचारता भरून द्यायचं. आमची म्हैस आटलेली असली की आई मला पाठवायची. मी लाजून तांब्या पाठीमागे धरून दारात उभी राहायची, कितीतरी वेळ, काही न बोलता. मग आतून ती बाई म्हणायची, "ताकाला आलीस ना? मग भांडं कशाला लपवतीस?" म्हण म्हणून लोक हे बोलतात, मला ते रोज ऐकावं लागायचं. आणि इथे त्याच ताकाची भुकटी करून पोत्यांत भरत होते.

निघताना मी लेकीचं मनगट धरलं. बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत गेल्या होत्या.

"वाळलीस गं."

"कामानं, आई. माहेरी आले की खाईन."

"तूप करतेय मी तुझ्यासाठी. घरचं."

फडक्यावर तिचे फक्त डोळे दिसत होते. तिने डोळे मिटले आणि मान हलवली. मला वाटलं, आनंदाने.

पहिलं घुसळण फसलं. आश्विनातलं ऊन इतकं की रवी फिरवून खांदे भरून आले तरी नुसता फेस. लोणी विरघळून दह्यातच बसलेलं. हे मला एके काळी माहीत होतं, हात विसरून गेले होते. भिंतीपलीकडून जाऊबाई बघत होत्या. आत गेल्या आणि फ्रीजमधला बर्फाचा अख्खा ट्रे आणून डेऱ्यात पालथा केला. "हं, आता फिरव. कंपनीत हेच करत असतील, मोठ्या ट्रेनं."

लोणी वर आलं. पांढरं, रवीला धरून बसलेलं. आणि त्या दिवशी आळीत आणखी एक झालं. रवीचा आवाज ऐकून बाया आल्या, हातात तांबे, गडू, एक तर पाण्याची बाटली घेऊन. त्यांतल्या कित्येकींनी मी वाटी घेऊन गेले तेव्हा मला हसून परत पाठवलं होतं. मी सगळ्यांची भांडी भरून दिली. लोणी मात्र झाकून ठेवलं. दर खेपेचा गोळा जाऊबाईंच्या फ्रीजमध्ये जायचा. दिवाळीपर्यंत मोठं पातेलं भरेल एवढं जमलं.

लेक दिवाळीनंतर येणार होती. मी मुद्दाम तोपर्यंत लोणी कढवलं नाही. मला वाटलं, ती दारात पाय ठेवेल तेव्हाच घरात तुपाचा वास असावा. माझ्या आईच्या घरी मी जायची तेव्हा तो वास मला वेशीपासून यायचा असं वाटायचं. गाडी फाट्यावर आल्याचा जावयांचा फोन आला आणि मी पातेलं चुलीवर चढवलं. लोणी तडतडलं, फेस बसला, तळाशी बेरी तांबूस व्हायला लागली. मी विड्याचं पान टाकलं. वास घरभर झाला, अंगणात गेला. मी भाकरतुकडा घेऊन धावतच दारात गेले.

ती गाडीतून उतरली, हसली, पायरीवर चढली. मी तुकडा ओवाळायला हात वर केला आणि तिचा चेहरा बदलला. तिने पदराचा बोळा तोंडावर दाबला, वळली आणि गोठ्याकडे पळाली. सातवा महिना सरत आलेली बाई, पळाली. गोठ्याच्या खांबाला धरून ती ओकत होती आणि मी हातात भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात उभी.

"प्रवासाचं असंल," जाऊबाई म्हणाल्या.

लेक तिथूनच ओरडली, "आई, चुलीवर काय आहे?"

"तूप गं. तुझ्यासाठी."

"उतरव ते. आधी उतरव ते, आई!"

मी पातेलं उतरवलं. पण उतरवून वास जातो का? मी तिच्याजवळ गेले, तोंड पुसलं आणि म्हटलं, "अगं, हे कंपनीतलं नाही. घरचं आहे. आपल्या म्हशीचं."

ती खांबाला डोकं टेकून म्हणाली, "वास तोच आहे गं आई."

मी तिथेच शेणाच्या ओलीत बसले.  इतके दिवस साठवून, इतक्या कष्टांनी केलेलं तूप, आणि तोच वास.

जावई दाराशी खाली बघत उभे होते. त्यांनीच मग सांगितलं. तिसऱ्या महिन्यापासून तिला तो वास सहन होत नव्हता. केसांत बसायचा, कपड्यांत बसायचा, रात्री उशीला यायचा. घरात भात शिजला तरी तिला तुपाचाच वास यायचा. सातवा लागेपर्यंत ती रोज फडकं बांधून कामावर गेली आणि घरी येऊन दोन घासही धड जेवली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की पोटातल्या बाळाचं वजन वाढत नाही, हिला काहीही करून खायला घाला.

"मामी, तिनंच सांगू नका म्हटलं. तुम्ही तूप करताय म्हणाली."

मला तर तिच्या पानात काय पडतं ते कधी दिसलंच नव्हतं. मी पान बघायला तिथे जेवायला बसलेच नव्हते.

जाऊबाईंनी पातेलं दोन फडक्यांत धरून भिंतीवरून आपल्या घरी नेलं, तिथे तूप पुरतं कढवलं, आणि वास इकडे येऊ नये म्हणून भर उन्हात स्वतःची खिडकी लावून आत घामाघूम होऊन बसल्या. नंतर बाहेर येऊन म्हणाल्या, "माझ्या घराला आता सात वर्षं तुपाची फोडणी बसली."

लेक त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी भाताची पेज अर्धी ठेवली. मी वरण केलं, तूप न घालता. तिने ताटलीच्या कडेला बोट लावलं आणि ताटली सरकवली. मी तिच्या पोटाकडे बघायची. डॉक्टरीणबाईंचे शब्द कानात होते. घरात अन्न आहे, दारात म्हैस आहे, पलीकडे मोठी बरणी भरून तूप आहे, आणि माझी पोर आणि तिच्या पोटातलं उपाशी.

डेऱ्यात विरजलेली साय राहिली होती. ती खराब झाली असती म्हणून सकाळी मी डेरा मागे गोठ्याजवळ नेला, तिला वास नको म्हणून, आणि पाठमोरी बसून घुसळायला लागले. थंडी पडायला लागली होती, लोणी लवकर आलं. मी गोळा काढून पाण्यात टाकला आणि वळून बघते तर लेक मागे उभी. मी लोण्यावर पटकन झाकण ठेवलं.

"ताक आहे का गं?" ती म्हणाली.

मी तांब्या भरला. घाईत निम्मं सांडलं. ती उभ्यानेच प्यायली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आता ओकेल, आता ओकेल. तिने तांब्या खाली केला.

"याला वास नाही, आई. तिकडं ताक कधी बघायलाच मिळालं नाही." मग म्हणाली, "आणखी आहे?"

दुपारी तिने ताकात बाजरीची भाकरी कुस्करून खाल्ली, सोबत लसणाची चटणी. रात्री कण्या शिजवून ताकातली कण्हेरी. दुसऱ्या दिवशी कढी, आणि कढीबरोबर भात, आणि भाताबरोबर थोडं वरणही गेलं. मी दूर बसून घास बघत होते. मोजले नाहीत, आईची दृष्ट लागते म्हणतात.

पण एका वेळच्या सायीवर रोज ताक कुठून होणार? हे मालकांच्या लक्षात आधी आलं. सकाळी किटली भरून ठेवली होती ती त्यांनी उचलली आणि म्हशीचं दूध परत पातेल्यात ओतलं. गायींचं तेवढं घेऊन डेअरीला निघाले.

मी म्हटलं, "अहो, सगळंच ठेवता?"

"एका म्हशीनं देशाचं तूप काय कमी होत नाय," ते म्हणाले आणि गेले.

आता आमच्या दारात रोज रवी फिरते. डॉक्टरीणबाईंनी परवा काटा बघून मान हलवली, म्हणाल्या, सुधारतंय, असंच चालू ठेवा. ताक बाहेर द्यायला उरत नाही. उरतं ते लोणी, आणि लेकीला वास नको म्हणून ते घरात कढवायची सोय नाही, जाऊबाईंच्या गळ्यात तरी रोज किती मारायचं? म्हणून मी ते वाटून टाकते. लोणी झाकून ठेवायचं आणि ताक वाटायचं, असं मी जन्मभर पाहिलं. आता मी ताकाचा डेरा आत नेऊन झाकते आणि लोण्याचा गोळा दारात उचलून देते. देताना अजून दर खेपेला मला आतून हिसका बसतो, हे मी काय करतेय म्हणून.

बरणी जाऊबाईंकडेच आहे. त्या म्हणतात, बाळंत झाली की वासाचं जातं, मग डिंकाचे लाडू मी माझ्या घरी वळते. जाईल की नाही ते मला माहीत नाही. लेकीलाही माहीत नाही. नाही गेलं तर लाडू आम्ही खाऊ, आणि ती ताक पिईल.

आज सकाळी आळीतली एक बाई येऊन दारात उभी राहिली. काही बोलेना. हात पदराआड. ही तीच, जी सगळ्यात मोठ्याने हसली होती. आत जेवायला बसलेल्या लेकीला दार समोरच दिसत होतं. भाकरी कुस्करता कुस्करता तिचा आवाज आला, "काकू, लोण्याला आलात ना? मग वाटी कशाला लपवता?"

ती बाई लाजून हसली आणि वाटी पुढे केली. मी अख्खा गोळा तिच्या वाटीत ठेवला. आत लेक हसत होती. गोठ्याकडे पळाली त्या दिवसापासून पहिल्यांदा. मग मला म्हणाली, "आई, ताक संपलं गं. आण आणखी."